टेबलावरच्या जगाचा भूतकाळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका घराच्या माडीवर पसरलेला, या माहितीपटात तुम्ही पाहत असलेला हा नकाशा कोणत्याही छापखान्यातून आलेला नाही. आलेख कागदाचे ताव एकमेकांना चिकटवून, निळ्या शाईने नदी आणि तपकिरी पेन्सिलीने डोंगर काढून तो तयार झाला आहे. त्याच्या कडेला ठेवलेला वीस बाजूंचा फासा पुढच्या काही तासांत या नकाशावरच्या माणसांचे बरेच काही ठरवणार आहे. हा टेबलावर बसून खेळायचा भूमिका-खेळ आहे, आणि टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने एकेक पात्र घेतले आहे. कोणी नावाडी आहे, कोणी तालमीत वाढलेला पैलवान आहे, तर कोणी देवळातून काढून टाकलेला लेखनिक आहे. उरलेली एक व्यक्ती, जिला या खेळात गेम मास्टर म्हणतात, बाकीचे सारे जग चालवते. वाटेत भेटणारा व्यापारी तीच, चौकीवरचा पहारेकरी तीच आणि अवेळी कोसळणारा पाऊसही तिच्याच हातात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो, आणि परिणामाची खात्री नसेल तेथे फासा टाकला जातो. नियम इतके साधे असूनही एकच कथा महिनोन्‌महिने चालू राहते, याचे कारण गेम मास्टरच्या कोपराखाली दबलेल्या त्या जाड वहीत आहे.

या वहीत त्या जगाचा भूतकाळ लिहिलेला आहे. गाव कोणी वसवले, पूल कोणी पाडला, कोणती देवता कोणावर रुसली आणि कोणत्या दोन घराण्यांत पाण्यावरून वैर आहे, हे सारे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. खेळणारी मंडळी याला त्या जगाचा लोर (lore) म्हणतात.

हा खेळ आपल्याकडे उशिरा आला, पण त्याचा इतिहास मोठा आहे. सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून लढाया खेळण्याचा छंद अमेरिकेत होता, आणि त्यातूनच गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ प्रसिद्ध केला. त्या पहिल्या पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या, आणि त्यांत नियम भरपूर असले तरी जगाचे वर्णन जवळजवळ नव्हते. जग होते ते या दोघांच्या घरच्या टेबलांवर. आर्नेसन यांचे ब्लॅकमूर आणि गायगॅक्स यांचे ग्रेहॉक ही दोन्ही जगे त्यांच्या मित्रांबरोबर खेळता खेळता, गरज पडेल तशी वाढत गेली होती. ग्रेहॉकचा नकाशा आणि वर्णन स्वतंत्रपणे छापून विकण्यास १९८० साल उजाडले. हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून असे दिसते की या जगांचा भूतकाळ ग्रंथालयात बसून आधी लिहिला गेला नाही; खेळाडूंनी प्रश्न विचारले आणि त्यांना उत्तरे द्यावी लागली, म्हणून तो तयार झाला.

याच काळात ग्रेग स्टॅफर्ड यांनी ग्लोरान्था नावाचे जग घडवले. १९७५ मध्ये ते एका पटावरच्या युद्धखेळातून लोकांसमोर आले आणि १९७८ मध्ये रूनक्वेस्ट या भूमिका-खेळाची पार्श्वभूमी बनले. ग्लोरान्थामध्ये पुराणकथा ही मागच्या पानावरची सजावट नाही. पात्र कोणत्या देवतेच्या पंथात आहे, यावर त्याला कोणती विद्या मिळेल आणि कोणते व्रत पाळावे लागेल हे ठरते. माणसे विधी करून देवांच्या काळात प्रवेश करतात, देवाने पूर्वी केलेला प्रवास स्वतः करतात आणि त्यात यश आले तर गावासाठी काही घेऊन परततात. एखादी कथा ऐकून सोडून द्यायची नसून ती पायांनी चालून पुरी करायची असते, ही कल्पना या खेळांच्या जगात स्टॅफर्ड यांच्याइतक्या ताकदीने क्वचितच कोणी मांडली असेल.

दुसऱ्या टोकाला एड ग्रीनवुड यांचे फर्गॉटन रेल्म्स आहे. लहानपणापासून मनात रचलेल्या या जगावर त्यांनी नियतकालिकात लेख लिहिले, आणि १९८७ मध्ये ते पेटीच्या रूपात प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्यावर इतक्या पुस्तिका, नकाशे आणि कादंबऱ्या आल्या की त्या जगातील एखाद्या शहराच्या गल्ल्या आणि खानावळीही वाचकांना पाठ झाल्या. हे वैभव खरे आहे आणि त्यावर प्रेम करणारे जगभर आहेत. मात्र नव्या गेम मास्टरला त्याची धास्तीही वाटते, कारण आपण सांगितलेले एखादे नाव चुकले तर टेबलावरचा जाणकार खेळाडू आपल्याला थांबवील, अशी शंका त्याच्या मनात राहते. याउलट २०१२ च्या डन्जन वर्ल्ड या खेळाने गेम मास्टरला नकाशे काढण्यास आणि त्यांत मोकळ्या जागा ठेवण्यास स्पष्टपणे सांगितले.

कोल्हापूरच्या या टेबलानेही आरंभी परदेशी जगेच वापरली. तेथील बर्फाळ उत्तर, दगडी मनोरे आणि ओक वृक्षांची अरण्ये यांचे वर्णन सारे लक्ष देऊन ऐकत, परंतु प्रश्न कोणी विचारत नसे. म्हणून आपल्याच मुलखातून जग रचण्यासाठी ही मंडळी पन्हाळ्यावर आली.

आता दिसते आहे ती अंधारबाव. बाहेरून हे एक जाड भिंतींचे, जेमतेम खिडक्या असलेले बांधकाम वाटते. आत शिरल्यावर मात्र ते तीन मजली असल्याचे कळते. तळाशी पाणी आहे, वरच्या भागात पहाऱ्याची सोय आहे आणि एका बाजूने गडाबाहेर निघण्याची वाट आहे. वेढा घालणाऱ्या शत्रूने पाण्यात विष कालवू नये म्हणून विहीर अशी झाकून घेतली, असे गडावर सांगितले जाते. गेम मास्टर येथे उभी राहून वहीत केवळ तीन ओळी लिहिते: पाणी कोणाच्या ताब्यात आहे, बाहेरची वाट कोणाला माहीत आहे, आणि ती माहीत असलेल्या माणसाला काय हवे आहे. पुढे अंबरखान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारे लागतात. सिद्दी जौहरने १६६० मध्ये या गडाला घातलेला वेढा सुमारे चार महिने चालला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु या कोठाराच्या कमानीखाली उभे राहिल्यावर धान्य, पाणी, पाऊस आणि वाटा या चारच गोष्टींवर गड तगतो, हे नजरेला पटते. या मंडळींनी इतिहासातील थोर व्यक्तींना खेळात आणलेले नाही, आणि ते योग्यच आहे. त्यांनी एक कल्पित गड रचला, त्याला कोठारे आणि झाकलेली विहीर दिली, आणि किती दिवसांचे धान्य उरले आहे ही संख्या खेळाडूंसमोर कागदावर मांडून ठेवली.

पंचगंगेच्या काठावरच्या या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास जुन्या वस्तीचे अवशेष सापडले. त्यांत रोमन काळातील ब्राँझच्या वस्तू होत्या आणि समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्तीही होती. समुद्र सह्याद्रीपलीकडे असताना परक्या समुद्रदेवाची मूर्ती या नदीकाठी कोणाच्या घरात होती, या प्रश्नाला व्यापार हे उत्तर अभ्यासक देतात. ती घरात ठेवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणाकडेच नाही. टेबलावरच्या नकाशात नदीच्या वळणावर अशीच एक मूर्ती आहे. तिच्यासाठी वहीत अर्धे पान राखले असून त्यावर काही लिहिलेले नाही. ते पान खेळाडूंनी भरायचे आहे.

अश्विन शुद्ध पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. कथा अशी की, कोल्हासुराच्या मुलाने देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले तेव्हा त्र्यंबुलीने, म्हणजेच टेंबलाईने, त्याचा वध करून त्यांना सोडवले, पण विजयाच्या सोहळ्याचे निमंत्रण तिला द्यायचे राहून गेले. ती रुसून नगराकडे पाठ फिरवून टेकडीवर बसली. तिची समजूत काढण्यासाठी अंबाबाई स्वतः तेथे जाते, कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यासाठी गर्दीत झुंबड उडते. हे दृश्य आम्ही काही बोलण्याऐवजी तसेच दाखवीत आहोत.

ग्लोरान्थाचे खेळाडू ज्याला देवांच्या काळातील प्रवास म्हणतील, तो या शहरात दरवर्षी भर दिवसा घडतो. आपल्या आजीकडून हे ऐकलेल्या माणसाला पुराणकथा आणि कृती यांचे नाते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. ही देवता लोकांच्या श्रद्धेची असल्यामुळे या टेबलाने तिचे नाव, रूप आणि पूजा यांना हात लावलेला नाही. त्यांनी घेतला तो विसरलेल्या निमंत्रणाचा धागा. त्यांच्या नगरात दूर टेकडीवर एक रक्षक राहते, तिची पालखी वाहणारे भोई म्हणजेच खेळाडूंची पात्रे, आणि त्या वर्षी नगराच्या पंचांनी खर्च वाचवण्यासाठी पालखी काढायचीच नाही असे ठरवले आहे. भोयांनी पंचांचे ऐकावे की रात्री रिकामी पालखी घेऊन डोंगर चढावा, यावर झालेला वाद तुम्ही ऐकत आहात. आवाज चढले आहेत, फासा अजून कोणी उचललेला नाही, आणि मागच्या खेळांत गप्प बसणारा नावाडी सर्वांत जास्त बोलतो आहे.

रंकाळ्याच्या काठचा हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि त्याचा प्रवास पुरा होईल त्या दिवशी प्रलय होईल, असे जुनी माणसे सांगतात. गेम मास्टरला याहून चांगले घड्याळ मिळणे कठीण होते. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर तांदूळ आणि गहू यांच्या खुणा आहेत. पात्रांनी दिलेला शब्द मोडला की गव्हाची खूण वाढते, शब्द पाळला की तांदळाची, आणि दोहोंतील अंतर सर्वांना दिसत असते.

ती मोहीम, म्हणजे महिनोन्‌महिने चाललेली ती कथा, उन्हाळ्यात संपली. पालखी टेकडीवर पोहोचली, गड मात्र गेला.

नव्या मोहिमेची वही आता, मागच्या मोहिमेत नावाडी झालेल्या खेळाडूने हाती घेतली आहे. त्याने नकाशावर पहिल्यांदा पुराची रेषा काढली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक असतात, आणि २०१९ चा महापूर या टेबलावरच्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याच्या जगात नदी पहिल्या खुणेला लागली की खालची पेठ रिकामी करायची असते आणि दुसऱ्या खुणेला लागली की पूल बंद होतो. खालच्या पेठेतील लोक मात्र मागच्या वेळी रिकाम्या घरांत चोरी झाल्यामुळे या वेळी हलण्यास तयार नाहीत. खेळाडूंची पात्रे त्याच पेठेत राहतात, आणि नदी पहिल्या खुणेपासून एक फूट खाली आहे.