पत्र्याखालचा उजेड

[दृश्य: भिवंडी, मुंबई-नाशिक महामार्ग. दुपारचे बारा.]

मानकोली नाक्यापासून आत वळलं की दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोचणारं कितीतरी सामान आधी इथल्याच थप्प्यांमध्ये पडून असतं.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन. शटरमधून आत या. डोक्यावर तापलेला पत्रा आणि त्याखाली भर दुपारी जळणारे दिवे. पाठीवर पोतं घेतलेल्या माथाडी कामगाराचा सदरा घामाने अंगाला चिकटलाय. सूर्याचा ताप तेवढा आत येतो. उजेड मात्र विकत घ्यावा लागतो.

स्वस्त आणि स्वच्छ वीज म्हटलं की मालकाला पहिलं आठवतं ते सोलर. सोलर जरूर लावा. पण त्याआधी दिव्यांचा हिशेब मांडा.

एक मध्यम गोदाम धरू. 400 वॅटचे 20 जुने मेटल हॅलाइड दिवे, रोज 12 तास. झाले 96 युनिट. त्यांच्या जागी 150 वॅटचे एलईडी लावले, की 36. आता छताच्या उत्तरेकडच्या उतारावर मधूनमधून उजेड देणारे फायबरचे पत्रे बसवा. दिवसाचे 8 तास दिवे बंद ठेवता आले, तर उरतात फक्त 12 युनिट.

[दृश्य: छतावर, दक्षिणेकडचा उतार.]

आपल्याकडे 1 किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी 4 युनिट देतं आणि साधारण 100 चौरस फूट जागा घेतं. दिव्यांना हात न लावता सोलर घेतलं असतं, तर 24 किलोवॅट लागलं असतं. आता 3 पुरे. दिवे लागणार अंधार पडल्यावर आणि वीज तयार होणार दुपारी. हा मेळ नेट मीटर घालतं. दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि लागू नियमांप्रमाणे बिलातून वळती होते. पावसाळ्यात उत्पादन घटतं, हे मात्र आधीच धरून चाला.

आणि पॅनेलआधी पत्रा तपासा. पॅनेल 25 वर्षं टिकणार आणि खालचा पत्रा पाचच वर्षांत गंजणार असेल, तर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागेल. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर तर चालणंही जिवावर बेतू शकतं.

खरी गाठ वेगळीच आहे. जागा एकाची, बिल दुसऱ्याचं. भाडेकरूचा करार मोजक्या वर्षांचा. तो छतावर पैसे का घालेल? मालकाला बिल भरायचं नाही. तो का घालेल? कितीतरी चांगले बेत इथेच अडतात. म्हणून करार करतानाच बसून ठरवा: खर्च मालकाचा, आणि वाचलेल्या बिलातला ठरलेला वाटा भाड्यात.

[दृश्य: छतावर गरगर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर.]

याला वीज लागत नाही. वाऱ्यावर फिरतो आणि पत्र्याखाली कोंडलेली गरम हवा बाहेर ओढतो. ही बचत वीजबिलात दिसणार नाही, तरीही आम्ही ती आधी धरू, कारण त्या हवेत दिवसभर माणसं ओझी वाहतात.

[दृश्य: गोदामाच्या आत. सगळे दिवे बंद.]

दुपारचे साडेबारा. वरच्या फायबरमधून उजेडाचा पट्टा थेट थप्पीवर उतरलाय. कामगार पोतं फिरवतो, शिक्का वाचतो आणि मुकादमाला नंबर ओरडून सांगतो.