फोर्ट हूड : शोकप्रस्ताव लगेच, कायदा पाच वर्षांनी

शोकप्रस्ताव आपल्याला काही नवीन नाही. अधिवेशनाचा पहिला दिवस, नावं वाचली जातात, दोन-चार जण बोलतात, सगळे उभे राहतात, कामकाज तहकूब. अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही थोड्याफार फरकाने हेच चालतं. आज ज्या ठरावाबद्दल बोलायचंय तो २००९ च्या नोव्हेंबरमधला, फोर्ट हूडच्या गोळीबारानंतरचा.

फोर्ट हूड म्हणजे टेक्सासमधे किलीन गावाला लागून असलेला अवाढव्य लष्करी तळ. ५ नोव्हेंबर, दुपारी दीडच्या सुमारास, इराक-अफगाणिस्तानला निघालेले नाहीतर तिकडून परत आलेले सैनिक एका इमारतीत खुर्च्यांवर आपला नंबर यायची वाट बघत बसलेले, कुणाची लस राहिलीये, कुणाचे कागद. आणि तळावर असताना ते सगळे निःशस्त्र, हे बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटतं. गोळ्या झाडणारा त्यांच्याच लष्करातला मेजर निदाल हसन, तोही मानसोपचारतज्ज्ञ! १३ जण गेले, ३० च्या वर जखमी. गेलेल्यांत १२ सैनिक आणि एक सिव्हिलियन कर्मचारी, जो खुर्ची उचलून हसनच्या अंगावर धावून गेला होता. हसनला शेवटी पाडलं तेही तळावरच्या सिव्हिलियन पोलिसांनीच.

हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने, त्याच महिन्यात ठराव केला. मृतांना, जखमींना, सैनिकांना आणि सिव्हिलियन लोकांना, सगळ्यांना एकाच ओळीत घेतलेला. चांगलाच होता, मी नावं ठेवत नाहीये. पण अशा ठरावाला पैसा लागत नाही, कुणाचा विरोध नसतो, आणि त्याने कुणाची पेन्शन एक डॉलरने वाढत नाही.

खरी भांडणं नंतर. पर्पल हार्ट हे पदक शत्रूच्या हल्ल्यात मेलेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकाला मिळतं, आणि इथे प्रश्न असा की शत्रू कोण? हसन येमेनमधल्या अन्वर अल-अवलाकी या अल-कायदाच्या प्रचारकाला ईमेल करत होता हे बाहेर आलेलं, तरी सरकारी हिशेबात ही कामाच्या ठिकाणची हिंसा. पेंटागॉनचं, म्हणजे संरक्षण खात्याचं म्हणणं, आत्ता पदकं दिली तर खटला सुरू व्हायच्या आधीच आपण त्याला दहशतवादी ठरवलं असं होईल, आणि त्याचे वकील तेच धरून बसतील. मला विचाराल तर हा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. पण ज्याच्या अंगात गोळी आहे त्याला हे कसं सांगणार?

२०१३ च्या ऑगस्टमधे लष्करी कोर्टाने हसनला फाशीची शिक्षा... म्हणजे मृत्युदंड सुनावला, तिकडे फाशी नसते, इंजेक्शन असतं. तरी पदकं नाहीतच. त्या भागाचे खासदार जॉन कार्टर आणि टेक्सासचे सिनेटर जॉन कॉर्निन मागे लागलेले होते. शेवटी २०१४ च्या डिसेंबरमधे संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या वार्षिक विधेयकात एक कलम घुसवलं गेलं : हल्लेखोर परदेशी दहशतवादी संघटनेच्या संपर्कात असेल आणि तिच्यापासूनच प्रेरणा घेऊन त्याने हल्ला केला असेल, तर तो शत्रूचा हल्ला धरायचा. त्यावर कुणी दोन मिनिटं उभं राहिलं नसेल. पण १० एप्रिल २०१५ ला फोर्ट हूडवर पदकं दिली गेली ती त्या कलमामुळे. सिव्हिलियन लोकांना पर्पल हार्ट चालत नाही, म्हणून त्यांना डिफेन्स ऑफ फ्रीडम मेडल. २००९ च्या ठरावात एका ओळीत बसलेले लोक इथे दोन रांगांत गेले.

आणि कलम म्हटलं की त्याला कुंपण आलंच. २ एप्रिल २०१४ ला याच तळावर पुन्हा गोळीबार झाला, एका सैनिकानेच केला, तीन सैनिक मेले आणि त्याने स्वतःलाही संपवलं. तळ तोच, मारणारा आतलाच, मरणारे तसेच ड्यूटीवरचे. पण त्याचे परदेशात कुणाशी संबंध सापडले नाहीत, त्यामुळे त्या तिघांना हे कलम लागत नाही.