कुटच्या वेढ्यात जेवताना गाव काय म्हणेल?

नमस्कार मंडळी. पहिलं महायुद्ध म्हटलं की आपण लगेच खंदक, तोफा आणि फ्रान्सच्या चिखलावर येतो. आज लढाया बाजूला ठेवू. शिपाई खायचा काय, त्याला पगार किती, तो घरी काय लिहायचा आणि इकडे घरात काय चाललं होतं, एवढंच बघू.

आधी पैसे. 1914 साली हिंदी पायदळातल्या साध्या शिपायाला महिन्याला 11 रुपये मिळायचे, युद्धावरचा भत्ता वेगळा. मराठे शिपाई प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा या पट्ट्यातून भरती व्हायचे, आणि मुंबईच्या गिरण्यांनाही माणसं याच पट्ट्यातून जायची. म्हणजे एक भाऊ गिरणीत, एक पलटणीत, आणि म्हातारी माणसं शेतावर. घर चालायचं ते मनीऑर्डरीवर. त्यामुळे भरती म्हणजे साम्राज्यावरची निष्ठा, हे मला फारसं पटत नाही. महार समाजाला तर सैन्याचं दार आधी बंदच करून ठेवलं होतं. माणसं कमी पडू लागली तेव्हा, 1917 साली, 111वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांतच ती मोडलीसुद्धा!

आता पत्रं. 1915 च्या सुमारास फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं पाठवत होते. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. मग पत्र कसं जायचं? शिपाई सांगायचा, पलटणीतला कुणीतरी लिहून द्यायचा. पलटणीत त्यावर नजर फिरायची. पुढे फ्रान्समधल्या बुलोन्य बंदरात सेन्सॉरचं, म्हणजे पत्रं तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं ऑफिस होतं, तिथे काही पत्रं पुन्हा वाचली जायची. एवढं सगळं पार करून पत्र गावात पोचलं की तिथेही ते वाचून दाखवायला कुणीतरी लिहिता-वाचता येणारा शोधायचा. आता सांगा, बायकोला मनातलं लिहिणार कसं?

म्हणून पत्रांत शेताचं, कर्जाचं, कोर्टकज्जाचं, लग्नाचं बोलणं असायचं. आणि ज्या गोष्टी उघड लिहिता येत नव्हत्या, त्या आडून. काही पत्रांत 'काळी मिरी' संपत आल्याचं आणि आता 'लाल मिरची' वापरत असल्याचं लिहिलेलं सापडतं. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. सेन्सॉरला हे कळायला वेळ लागला नाही. पण तो बरीचशी पत्रं जाऊ द्यायचा. त्याला शिपायांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज हवा होता. त्याने भाषांतर करून अहवालाला जोडलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गंमत बघा, हेरगिरीसाठी केलेल्या कामामुळे त्या माणसांचं बोलणं टिकलं.

(पडद्यावर नकाशा: बसरा, कुट, बगदाद)

आपली माणसं मात्र मोठ्या संख्येने होती इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. सहावी डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींची मोठी फौज, जिचं नावच पुणे डिव्हिजन होतं, तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुट गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. जवळजवळ पाच महिने.

इथे जरा थांबू, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. कुटमध्ये धान्य होतं, पण ते दळायचं कशावर? शेवटी विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या गेल्या. धान्यही कमी पडत गेलं, रोजचा शिधा कापत कापत आणला, मग घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. सेनापती टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'खायला हरकत नाही' अशी परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी सहज कुणी तयार होईना. कारण धर्मगुरू लांब राहिले, भीती होती गावाची. उद्या परत गेलो तर भावकी काय म्हणेल? घरात मुलीबाळी आहेत, त्यांचं काय? समोर शत्रू, पोटात अन्न नाही, आणि माणूस विचार करतोय दोन हजार मैलांवरच्या पंगतीचा. याला कुणी अडाणीपणा म्हणतं, मी म्हणणार नाही. त्याला जगायचं होतं ते त्याच गावात. ताजा भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येण्याचा आजार, पसरला. अगदी शेवटी, एप्रिलमध्ये, बरेच जण खाऊ लागले. तोवर उशीर झाला होता. शरणागतीनंतर जवळपास 13 हजार माणसं कैदेत गेली, आणि कित्येक घरांत पत्रं येणं बंद झालं.

बरं, घरी तरी सुख होतं का? जहाजं युद्धात गुंतली, कापड आणि रॉकेल महागलं. 1918 साली पावसानेही दगा दिला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झा शिरला. दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरची, जास्त भयंकर. 6 ऑक्टोबरला एकट्या मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. या युद्धात हिंदी सैन्याचे सुमारे 74 हजार जण गेले. इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात घेतलेले बळी, कमीत कमी अंदाज धरला तरी, सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे आघाडीवरचा परत आला आणि घरातलेच गेले, असं कितीतरी गावांत झालं असणार. युद्ध थांबल्यावरही महागाई उतरली नाही, आणि जानेवारी 1919 मध्ये मुंबईत लाखावर गिरणी कामगार संपावर गेले. त्यातही हीच कोकणातली आणि घाटावरची घरं.

एक काम सांगतो. सातारा आणि कोकणातल्या अनेक गावांत, चावडीजवळ किंवा शाळेच्या भिंतीत, ब्रिटिशांनी बसवलेली दगडी पाटी असते: या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यातले इतके मेले. नावं बहुधा नसतात, नुसते आकडे. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर गावाचं नाव आणि ते दोन आकडे कमेंटमध्ये टाका. आणि घरात त्या काळातलं पत्र किंवा मनीऑर्डरीची पावती असेल, तर आधी फोटो काढून ठेवा, लॅमिनेट मात्र करू नका, कागद खराब होतो.