खिडकीच्या आतून

(तालुक्याच्या वाचनालयात बारावीच्या मुलांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘शिष्यवृत्ती की शैक्षणिक कर्ज?’. दोन्हींवर बोलणार आहे, कर्जावर जरा जास्त, कारण गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी फोन करून तेच विचारलं. पण सुरुवात शिष्यवृत्तीपासून करते. ती किती मिळणार हे कळल्याशिवाय कर्ज किती काढायचं ते ठरत नाही.

मी २६ वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात होते. त्यातली बरीचशी स्कॉलरशिपच्या टेबलावर गेली. खिडकीबाहेर मुलं, आत मी आणि माझ्यामागे गठ्ठे. आधी अर्ज कागदी होते, गठ्ठे बांधून एसटीने जिल्ह्याला नेऊन द्यायचे. मग २०१७ साली महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे ऑनलाइन अर्ज भरायचं पोर्टल आलं, गठ्ठे गेले आणि खिडकीबाहेरच्या मुलांच्या हातात मोबाइल आले. रांग मात्र तेवढीच राहिली. त्या रांगेकडे बघून माझं एक मत तयार झालं आणि ते मी भेटेल त्याला सांगत असते. आज तर तुम्ही स्वतःहून बोलावलंय, त्यामुळे सुटका नाही. (हशा)

मत असं की, फीचे पैसे जूनमध्ये शोधायचे नसतात. ते बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत शोधायचे असतात, आणि तेही घरातल्या कपाटात. माझ्या खिडकीवरून रिकाम्या हाताने परत गेलेली बहुतेक मुलं योजनेत बसत नव्हती असं नाही. बसत होती. त्यांचे कागद एकमेकांशी जुळत नव्हते.

जरा हात वर करा. मुलाचं दहावीचं मार्कशीट आणि त्याचं आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचलंय? चार हात. त्यातले दोन शिक्षकांचे दिसतात. (हशा) मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर स्वतःचं नाव आधी. तेवढ्याने बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. वडिलांचं नाव एका कागदावर ज्ञानदेव, दुसऱ्यावर ज्ञानेश्वर, आणि रेशन कार्डावर नुसतं माउली. घरात, गावात, शेजारीपाजारी सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. पोर्टलला ते माहीत नसतं, आणि तपासणाऱ्याला ते मानता येत नाही. हे दुरुस्त करायला कधी आठवडा लागतो, कधी दोन महिने. अर्जाची मुदत तोवर थांबत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. दाखला तहसीलदारांचाच लागतो. पगाराची स्लिप चालत नाही, सरपंचांचं पत्र चालत नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला, आणि या दाखल्याला १५ दिवसांची मुदत ठरलेली आहे. मुदत उलटली तर अपील करता येतं, हे लक्षात ठेवा. पण निकाल लागला की त्याच आठवड्यात सगळा तालुका सेतूवर, म्हणजे दाखल्यांच्या केंद्रावर, उभा असतो. सर्व्हर बंद, तलाठी दौऱ्यावर, आणि मुलगा प्रवेशाच्या फेरीत. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की लगेच अर्ज टाका. एप्रिलमध्ये सेतूवर गर्दी नसते. मी जाऊन बघून आलेय.

आता ज्या गोष्टीसाठी मी आजचं आमंत्रण घेतलं, ती सांगते.

एक मुलगी होती. इंजिनिअरिंगला दुसऱ्या वर्षात. वडिलांची दोन एकर कोरडवाहू, आई दुसऱ्यांच्या शेतात जाणारी. अर्ज चोख भरलेला, मी स्वतः तपासलेला. मंजूर झाला. पोर्टलवर दिसायला लागलं की रक्कम वितरित. ती खिडकीशी आली, ‘मॅडम, खात्यात काही नाही.’ मी म्हटलं, दोन-चार दिवस थांब. पंधरा दिवसांनी पुन्हा आली. पासबुक भरून आणलेलं, शेवटची नोंद व्याजाचे सात रुपये.

बँकेत पाठवली. बँकेने सांगितलं, ‘तुमचं आधार लिंक आहे, आमच्याकडे सगळं ठीक आहे, कॉलेजला विचारा.’ मी जिल्ह्याच्या ऑफिसला फोन केला. ते म्हणाले, ‘आमच्याकडून गेलेत, बँकेला विचारा.’ असे तीन महिने. पोरगी रोज चौदा किलोमीटर एसटीने यायची, आणि एक तास बुडवून कधी माझ्या खिडकीशी, कधी बँकेच्या काउंटरशी उभी राहायची. परीक्षेचा फॉर्म आला, फी बाकी म्हणून तिचा फॉर्म अडवला. वडिलांनी गाय विकली. हे मला तिने सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं.

शेवटी उलगडा कसा झाला? आधार खात्याला ‘लिंक’ असणं आणि आधार ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँक केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, तुमचा आधार नंबर तुमच्या खात्याला लावते, ते झालं लिंक. सरकारी पैसा मात्र खाते क्रमांक बघून येत नाही, तो आधार क्रमांक बघून येतो. कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत टाकायचा, याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे असते. एका आधारला तिथे एकच बँक, आणि जी शेवटची जोडली गेली ती. या मुलीने अकरावीत असताना बाजारातल्या एका स्टॉलवर नवं सिमकार्ड घेतलं होतं. अंगठा दोनदा ठेवायला लावला होता. त्या दुसऱ्या अंगठ्यासरशी तिच्या नावाने मोबाइलवरचं एक बँक खातं उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं. सिम पुढे हरवलं. खातं तिला माहीतच नव्हतं. शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडली होती.

आणि हे बघायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करायचं, ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडायचं, बँकेचं नाव समोर येतं. फक्त आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. तिचा तोही वडिलांच्या जुन्या नंबरवर होता, म्हणून आणखी एक फेरी, आधार केंद्रावर. ज्या बँकेत पैसे हवेत तिथे आधार सीडिंगचा संमतीफॉर्म लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. आठवड्याभराने पुन्हा तपासायचं. बस्स. तीन महिन्यांत मी धरून चार ऑफिसांतल्या निदान दहा माणसांनी तिला ‘विचारून ये’ म्हटलं, आणि एकालाही हे दोन मिनिटांचं काम सुचलं नाही. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं होतं, कारण ते माझं काम होतं. गाय परत आली नाही.

त्यानंतर मी खिडकीवर कागद लावला: ‘आधी सीडिंग बघा, मग फॉर्म भरा.’ माझ्या जागेवर आलेल्या ताईंनी तो अजून काढलेला नाही.

याच ओघात एक सांगून टाकते. पोर्टलवर अर्ज टाकला म्हणजे काम झालं, असं मुलांना वाटतं. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग खात्याकडे. यातला कुणीही तो ‘सेंड बॅक’ करू शकतो. दाखला अस्पष्ट आहे, चुकीचं पान जोडलंय, असं काहीही कारण असतं. अर्ज परत येऊन पडतो आणि मूल दिवाळीचा फराळ करत असतं. दर सोमवारी लॉगिन करून बघायचं, आईने किंवा वडिलांनी मुलाला शेजारी बसवून. आणि दर वर्षी रिन्यूअल असतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.

मला आणखी एका गोष्टीचा फार राग आहे. रांगेत मुलं मान खाली घालून उभी असायची. चांगली हुशार मुलं, मित्र दिसला की रांगेतून बाजूला व्हायची. कुणीतरी घरी म्हटलेलं असतं, ‘सरकारपुढे हात पसरायचे का?’ अहो, आपल्याकडे मुलं वार लावून जेवून शिकली. आज या घरी, उद्या त्या घरी. ते करताना त्यांनी मान खाली घातली नाही. आणि बाबासाहेबांचं उदाहरण घ्या. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी. त्यासाठी त्यांनी करार केला, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. तिथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि तिथलं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. मग १९२० मध्ये ते पुन्हा गेले. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, असं सगळं जमवून गेले. तुमच्या मुलाला ही गोष्ट सांगा. शिष्यवृत्ती, बचत, मदत, कर्ज, सगळं आहे बघा त्यात, आणि याच क्रमाने आहे. कर्ज सगळ्यात शेवटी.

हो, चिठ्ठी मिळाली. दहा मिनिटं. अरेच्चा, कर्ज तर सगळंच राहिलंय. मग भराभर सांगते, लिहून घ्या.

आधी एक अट, जी मोडली की सगळं संपतं. इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याची फीसवलत हवी असेल तर प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही. घराजवळचं कॉलेज म्हणून कॅप सोडणारे पालक मी पाहिलेत. त्यांना चारही वर्षं पूर्ण फी पडली.

योजना. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. खुल्या गटातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, निम्मं शिक्षण शुल्क, घरातल्या दोन मुलांपर्यंत. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झालाय. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. एवढी दोनच शुल्कं बरं का. वसतिगृह, मेस, पुस्तकं त्यात नाहीत. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार योजना. साधी बीए, बीएस्सी करणाऱ्यांनी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती विसरू नका. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर पदवीला वर्षाला १२,००० रुपये. तिचा अर्ज महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर असतो.

आता कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तुम्हाला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत जमीन-घर तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. हप्ते कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तसं शिकतानाच व्याज भरत राहिलात तर पुढचा बोजा बराच कमी होतो. आई किंवा वडील प्राप्तिकर भरत असतील तर कर्ज त्यांच्या नावावर घेण्याचा विचार करा, जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे, सुरुवातीला त्या ८६० होत्या. तारण नाही, जामीनदार नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, ३ टक्के व्याज सरकार सोसतं. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत चालू असेल तर ही ३ टक्के मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्तीचं गणित आधी मांडा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. बँकेत गेल्यावर हे नाव घेऊन विचारा, काउंटरवरून कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका. कर्जाचा अर्ज तोंडी नाकारला तर लेखी कारण मागा.

वेळ संपली, दिवे घालवायला शिपाईदादा येऊन उभे आहेत. मी बाहेर ओट्यावर साडेआठपर्यंत बसतेय. मुलाचं आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल ज्यांच्याजवळ आत्ता आहे त्यांनी या, कोणती बँक जोडली आहे ते एकेकाचं बघून घेऊ. मागे बसलेल्या ताई, तुम्ही सिमकार्डचं ऐकल्यापासून बेचैन दिसताय. तुम्ही पहिल्या या.