आज शिवराक, उद्या बांगडा

[फोंड्यातलं घर, स्वयंपाकघर. ओट्यावर फोडलेला नारळ, वाटीत तेफळं (तिरफळं). कॅमेरा समोर.]

नमस्कार मंडळी. पुण्यात शिकायला होते तेव्हा भाड्याची खोली बघायला गेले. मालकीणबाईंनी विचारलं, "व्हेज ना तुम्ही?" मी म्हटलं, "आज सोमवार, म्हणजे हो." खोली मिळाली नाही.

माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. आपल्या गोव्यात शिवराक, म्हणजे शाकाहारी, हा शब्द माणसाला कमी आणि वाराला जास्त लागतो. बारा महिने शिवराक असणारी घरं आहेतच, पण बाकीच्यांना "तू शिवराक?" असं विचारलं की त्यात "आज" धरलेलं असतं. सोमवार मंगेशाचा, गुरुवार साखळीच्या दत्ताचा, मग एकादशी, संकष्टी, अख्खा श्रावण, चवथ, नवरात्र. शेजारच्या ख्रिस्ती घरात वेगळं गणित. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी तिथे मांस बंद, मासळी मात्र चालते. जात, धर्म, कुळाचा देव, सगळं त्या एका ताटात बसलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. माझ्या आईचा.

गेल्या वर्षी आईच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. मधुमेह जुना, त्यामुळे आम्ही सगळे म्हणालो, साखरेमुळे असेल. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर बी12, म्हणजे नसांना लागणारं जीवनसत्त्व, निघालं 142. साधारण 200 च्या खाली गेलं की कमतरता धरतात. मी म्हटलं, "डॉक्टर, कसं शक्य आहे? आम्ही मासे खाणारी माणसं!"

घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने गोल करत बसले. एका दिवशी दोन व्रतं आली तर एकदाच मोजली. आईचे शिवराक दिवस निघाले 163. पण फक्त तेवढ्याने बी12 संपत नाही. यकृतात त्याचा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो. उरलेल्या दोनशे दिवसांत नीट मासे पोटात गेले असते तर प्रश्नच नव्हता. बांगड्यात ते भरपूर असतं.

मग मी आईच्या ताटाकडे बघितलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुकडे बाबांना आणि आम्हाला, आणि तिच्या भातावर हुमणाचा, म्हणजे माशाच्या कालवणाचा, रस. फार तर शेपटी. अर्जावर "नॉनव्हेज" लिहिणारी बाई चाळीस वर्षं मासळीच्या वासावर जेवली. त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन. ते वर्षानुवर्षं घेतलं की बी12 नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांचंही तेच.

[नारळ हातात घेऊन.]

आणि हा नारळ. गुजरातेत, पंजाबात शाकाहार म्हटलं की दूध, ताक, दही, पनीर आलं. दिवसाला अर्धा लिटर दूध पोटात गेलं की बी12 ची गरज जवळपास भागते. आपलं शिवराक जेवण आठवून बघा. खतखतं, मुगागाठी, अळसांद्याचं तोणाक (कडधान्याची नारळ घातलेली उसळ), सोलकढी, गोडाला मणगणं. सगळीकडे नारळाचा रस, दुधाचा थेंब नाही. किनाऱ्यावरच्या कॅफेत पाटी लावून "व्हीगन" म्हणून विकतात, तेच आपण सोमवारी खातो. फरक एवढाच की तिथे जेवायला येणाऱ्या बऱ्याच जणांना बी12 ची गोळी लागते हे माहीत असतं. आपल्याला कोणी सांगितलंच नाही, कारण आपण स्वतःला शाकाहारी समजतच नाही. नारळात बी12 नसतं. डाळीत नसतं, तांबड्या भाजीतही नसतं.

म्हणून शिवराक वाईट, असं म्हणतेय का मी? अजिबात नाही. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 48 हजारांहून जास्त लोकांचा 18 वर्षांचा अभ्यास 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मांस खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका 22 टक्के कमी, आणि मांस सोडून फक्त मासे खाणाऱ्यांमध्ये 13 टक्के कमी. उलट पक्षाघाताचा धोका शाकाहाऱ्यांत 20 टक्के जास्त दिसला. कारण पक्कं झालेलं नाही, पण संशोधकांनी शक्यता म्हणून बी12 सारख्या घटकांचंही नाव घेतलंय. आणि ती माणसं ब्रिटनमधली. ती काही सकाळी बन्स आणि पातळ भाजी, दुपारी रव्यात घोळून तळलेल्या नीरफणसाच्या कापा खाणारी नव्हेत. तेल शिवराक असलं तरी तेलच.

लोहाचं थोडक्यात. भाजीतलं लोह माशा-मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. तोणाकावर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा ढोसू नका. झालं.

गंमत म्हणजे चवीत आपण दोन्हीकडचे. बांगड्याच्या उडदमेथीत जे वाटप, तेच शिवराक दिवशी आंबाड्याच्या उडदमेथीत. हीच तेफळं बांगड्यात आणि हीच खतखत्यात.

[तेफळांची वाटी जवळून.]

तर आईला आधी इंजेक्शनं दिली, मग रोजची कॅप्सूल. महिन्याने बघते तर पाकिटात आठ-नऊ जास्तच उरलेल्या. विचारलं तर म्हणाली, "सोमवारी-गुरुवारी नाही घेत. वरचं ते कवच कशाचं असतं, मेडिकलवाल्याला विचारलंय मी." खरं होतं तिचं. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून करतात.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार. साधी गोळी लिहून दिली. आतलं बी12 कारखान्यात जिवाणूंकडून आंबवून घेतात, हे मी आईला समजावलं. तिने विचार केला आणि विचारलं, "म्हणजे इडलीसारखं?"

म्हटलं, "हो, इडलीसारखं."

आता सोमवारीही घेते.