ब्रोच पालथा घालून बघा

(पडद्यावर: टेबलावर पालथा ठेवलेला ब्रोच, शेजारी भिंग.)

सोन्याचा असता तर केव्हाच आटवला गेला असता. हा पितळेचा आणि काचेच्या खड्यांचा. आटवून हाती काहीच लागत नाही, म्हणून तर टिकला.

वय ओळखायचं तर पाठ बघायची. पुढची नक्षी फसवते, कारण जुने घाट फॅशनमध्ये पुन्हा पुन्हा येतात. पाठीशी मात्र कुणी फारशी लबाडी करत नाही. इथे पिन अडकवायला नुसता सी आकाराचा आकडा आहे, फिरवून बंद करायची सोय नाही. पिनेचं टोक आकड्याच्या बरंच बाहेर आलंय. ते पुन्हा कापडात खुपसायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही रीत सर्रास होती. पुढे स्वस्त मालात साधा आकडा टिकून राहिला, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही.

(भिंगातून: खडे, अगदी जवळून.)

नऊ खडे. आठ पिवळट पडलेत, मागचा चंदेरी मुलामा कडेनं काळवंडलाय. (असा दागिना धुऊ नका. पाणी मागे शिरलं की खडा गेलाच.) नववा जरा कलता केला की निळा, गुलाबी, हिरवा झळकतो, पाण्यावर तेल पसरावं तसा. हा ‘अरोरा बोरिआलिस’. काचेवर धातूचा अतिशय पातळ थर. स्वारोव्हस्की या ऑस्ट्रियातल्या काचेच्या खड्यांच्या कंपनीनं फ्रेंच फॅशनकार ख्रिस्तियन दिओरच्या साथीनं तो आणला १९५०च्या दशकाच्या मध्यावर.

मग सगळा ब्रोचच त्यानंतरचा? नऊही खडे असे असते तर हो. पण कोंदण बघा. आठांच्या नख्या घट्ट बसलेल्या. नवव्याच्या दोन नख्या उचकटून परत दाबलेल्या, आणि फटीत वाळलेला गोंद. मूळ खडा पडला असणार; कुणीतरी हाताशी होता तो बसवला.

या ब्रोचवर नाव नाही. असतं, तरी मी आधी नावाशेजारची बारीक खूण बघितली असती. अमेरिकी दागिन्यावर वर्तुळातला सी दिसला तर तो बहुधा १९५५ किंवा त्यानंतरचा. त्या वर्षी ट्रायफारी कंपनीच्या खटल्यात न्यायालयानं नकली दागिन्यांच्या घडणीलाही कॉपीराइट मिळतो असं ठरवलं, आणि कारखानदार ती खूण सर्रास उमटवू लागले. ‘स्टर्लिंग’ (म्हणजे चांदी) असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचा विचार करायचा. इतर धातूंवर निर्बंध आले आणि अमेरिकी कारखाने चांदीकडे वळले. पेटंटचा आकडा मात्र जपून वाचावा. तो कल्पनेचं वर्ष सांगतो, दागिना त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेला असू शकतो.

(पडद्यावर: ब्रोच डबीत जातो. दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी.)

‘बहुधा १९१० पूर्वीचा. एक खडा १९५५च्या आसपासचा किंवा नंतरचा.’