आधी भाकर, मग मौन

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते मौनाविषयी. ख्रिस्ती माणसानं रोज थोडा वेळ देवापुढे गप्प आणि स्थिर बसायचं, आणि त्यातून आपल्या जिवाची निगा राखायची, याविषयी. कुठं बसायचं, किती वेळ, डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे, हे सगळं सांगणार आहे. पण त्याआधी दोन प्रश्न. काल रात्री झोप झाली का? आणि आज पोटात काही गेलं का? हे प्रश्न अगदी गंभीरपणे विचारतेय, कारण पवित्र शास्त्रातली मौनाची सर्वांत मोठी गोष्ट झोपेपासून आणि भाकरीपासून सुरू होते. पहिले राजे, अध्याय १९. एलीया संदेष्ट्याची गोष्ट.

पण ती वाचताना एक पान मागे जा, अध्याय १८ वर. कर्मेल डोंगरावर बआल या परक्या दैवताचे ४५० संदेष्टे एका बाजूला आणि एलीया एकटा दुसऱ्या बाजूला. जो अग्नीनं उत्तर देईल तोच खरा देव, अशी कसोटी. दिवसभर तो उन्हात उभा आहे. मोडलेली वेदी तो पुन्हा रचतो, बारा धोंडे घेऊन. भोवती चर खणतो. संध्याकाळी अग्नी उतरतो, लोक पालथे पडतात. मग तो अहाब राजाला म्हणतो, वर जा, खा, पी. राजा जेवायला जातो. आणि एलीया? तो डोंगराच्या माथ्यावर जाऊन गुडघ्यांत डोकं घालून पावसासाठी बसतो. चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवतो. पाऊस येतो, तेव्हा हा कमर बांधून राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो. राजाला जेव म्हणाला, स्वतः जेवल्याचा उल्लेख कुठं नाही. ही ओळ ध्यानात ठेवा. आपल्या मंडळ्यांमधल्या कितीतरी बायका, पाळक, संडे स्कूलच्या शिक्षिका असंच जगतात. सगळ्यांना वाढून होतं आणि यांचं ताट कोरडंच राहतं.

मग अहाबाच्या ईजबेल राणीचा निरोप येतो: उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. एवढ्यानं तो मोडतो. ४५० जणांपुढे न डगमगलेला माणूस एका निरोपानं मोडतो. पळत सुटतो तो थेट दक्षिणेला बैर-शेब्यापर्यंत. दीडशे किलोमीटर तरी होतील. इंदूरहून निघून खंडव्याच्याही पुढे जावं एवढं. तिथं चाकराला सोडतो आणि एकटाच रानात आणखी एक दिवसाची वाट चालतो. रतामाच्या झुडपाखाली बसतो. रताम म्हणजे वाळवंटातलं काटकुळं झुडूप, सावली विरळ. तिथं तो देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपी जातो.

आता देव काय करतो ते ऐका. तो एलीयाला रागावत नाही. उपदेशही करत नाही. प्रार्थना कर, असंसुद्धा म्हणत नाही. देवदूत येतो, हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. रतामाच्या निखाऱ्यांचा उल्लेख स्तोत्र १२० मध्येही आहे, म्हणजे सरपण म्हणून ते झाड तेव्हा माहितीचंच होतं. एलीया खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा म्हणतो, ऊठ, खा, कारण वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. दोन वेळा जेवण, दोन वेळा झोप. त्यानंतर चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब, म्हणजे देवाचा डोंगर. आधी भाकर, मग मौन.

होरेबवर गुहा. देव विचारतो, एलीया, तू इथं काय करतोस? तो मनातलं सगळं बाहेर काढतो: मी तुझ्यासाठी एवढी आस्था बाळगली, लोकांनी करार मोडला, वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलो. मग डोंगर फोडणारा वारा येतो. परमेश्वर वाऱ्यात नव्हता. भूकंप होतो, भूकंपात नव्हता. अग्नी येतो, अग्नीत नव्हता. कर्मेलवर मात्र तो अग्नीनंच उत्तर देणारा होता, लक्षात घ्या! आणि अग्नीनंतर शांत, मंद वाणी. एलीया झग्यानं तोंड झाकून गुहेच्या तोंडाशी उभा राहतो.

तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि एलीया तेच उत्तर देतो, अगदी शब्दाला शब्द. एवढ्या मौनानंतरही त्याच्या मनातली तक्रार हललेली नाही. मौनात बसून आपल्याला काही होत नाही म्हणून जे हताश होतात, त्यांनी ही दोन उत्तरं शेजारी ठेवून वाचावीत. देव वाद घालत नाही. काम देतो: हजाएलाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूचाही कर, तुझ्या जागी अलीशाला संदेष्टा नेम. आणि सांगतो की बआलापुढे गुडघा न टेकलेले ७००० जण इस्राएलात आहेत. तू एकटा नाहीस.

आपल्या उपासनांविषयी इथंच एक बोलायला हवं. पाळक म्हणतात, क्षणभर शांत राहू या, आणि त्याच क्षणी कीबोर्डवर सूर सुरू होतात. ते बंद व्हायला हवेत. शांतता म्हणजे भरून काढायचा खड्डा नाही. आणि चाळीस माणसांच्या देवळात एवढा मोठा स्पीकर कशाला? नारायण वामन टिळकांचे अभंग पेटी आणि टाळांवर, माईकशिवाय, किती खोल जातात! प्रत्येक कडव्यानंतर दोन श्वास थांबलं की आणखी खोल.

असो. आता बसण्याचं.

वेळ ठरलेली हवी. इंदुरात पहाट उत्तम, कचरागाडीचं गाणं गल्लीत येण्याआधी. जेवून लगेच बसू नका, तासदीड तास जाऊ द्या. पण उपाशीपोटीही बसू नका. चहा, एक टोस्ट, आणि बाथरूमला जाऊन या. पहिला आठवडा पाच मिनिटं. मग दहा. वीस मिनिटांपर्यंत जायला दोन-तीन महिने लागले तरी चालतील.

खुर्चीवर बसत असाल तर पाठ टेकू नका, तळवे जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत. उंची कमी पडली तर पायाखाली पाट घ्या. जमिनीवर बसत असाल तर घडी घातलेलं ब्लँकेट फक्त बैठकीखाली घ्या, चार-पाच बोटं उंच. गुडघे कंबरेपेक्षा खाली यायला हवेत. गुडघे वर राहिले की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतो, श्वास उथळ होतो आणि पाच मिनिटांत डुलकी लागते. मोबाइल विमान मोडवर, गजर अगदी हळू आवाजाचा, आणि फोन हाताला न लागेल असा. डास असतील तर पंखा लावा. पंख्याचा आवाज चालतो, हॉर्नही चालतो. बाहेर शांतता असावी अशी अट नाही. आवाज ऐकू येईल. त्याच्यामागे जायचं नाही, एवढंच.

मन रिकामं करायचं नाही, हे पुन्हा सांगते. मन रिकामं करायचं नाही. प्रभूसमोर बसायचं आहे. त्यासाठी पूर्वेकडच्या, म्हणजे ऑर्थोडॉक्स, मंडळ्यांमधली जुनी छोटी प्रार्थना घ्या: श्वास आत येताना 'प्रभू येशू ख्रिस्ता', बाहेर जाताना 'माझ्यावर दया कर'. ओठ न हलवता. श्वास ओढायचा नाही, तो आपोआप चालतो तसा चालू द्या. मुद्दाम खोल आणि भराभर घेतला तर अंगातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. लोकांना वाटतं, पवित्र आत्म्यानं आपल्याला भरलं. ते तसं नाही. थांबा, साधा श्वास घ्या.

विचार येणारच. कामांची यादी येते, म्हणून ती बसण्याआधी दोन मिनिटांत कागदावर उतरवा. बसल्यावर पेन हातात घेऊ नका, एक ओळ लिहिली की दहा सुचतात. जुना राग आला तर त्या माणसाचं नाव घ्या, प्रभूच्या हाती द्या, आणि पुन्हा आपल्या ओळीवर या. शंभरदा परत यावं लागलं तर शंभरदा या. ते परत येणं हीच प्रार्थना आहे. आणि घड्याळ बघावंसं वाटतं, त्याचं नवल नको. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या ख्रिस्ती साधूनं हेच लिहून ठेवलंय: दुपारी साधूला सूर्य हलतच नाही असं वाटतं, तो खिडकीतून डोकावतो, जेवणाची वेळ किती लांब आहे ते सूर्याकडे पाहून मोजतो, कुणी साधुबंधू भेटायला येतो का बघतो. त्याचा इलाज एकच, उठायचं नाही.

डुलकी येत असेल तर डोळे उघडा, तीन-चार फुटांवर जमिनीवर नजर ठेवा. रोजच डुलकी येत असेल तर ते आळशीपण नव्हे, झोप कमी पडते आहे. आठवडाभर तासभर आधी झोपा, मग बसा. आधी भाकर, मग मौन. आणि गप्प बसल्यावर सारखं रडू येत असेल, किंवा एलीयासारखं जीव नकोसा वाटत असेल, तर एकट्यानं बसणं थांबवा. घरच्यांना, पाळकांना सांगा, डॉक्टरकडे जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, विनामूल्य आहे. तेव्हा मौन वाढवायचं नसतं, माणसं वाढवायची असतात.

गजर झाला की ताडकन उठू नका. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना अर्ध्या वेगानं म्हणा. पायाला मुंग्या आल्या असतील तर आधी पाय सरळ करा. मग त्या दिवशी कुणाची विचारपूस करायची, ते एक नाव ठरवा.

राहिले पीथमपूरला रात्रपाळी करणारे, आणि तान्ह्या बाळांच्या आया. सकाळी सातला कारखान्यातून घरी आल्यावर मौनाला बसू नका. खा आणि झोपा. दुपारी उठून तोंड धुतलं, चहा झाला, की मग पाच मिनिटं. आयांनी वेगळी वेळ शोधायलाच नको. बाळ पाजताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तीच एक ओळ मनात चालू द्या.